डबल रेटचा हिशेब

आधी एक गणित सोडवू. आठ तासांच्या कामाचा महिन्याचा पगार १५,६०० रुपये, कामाचे दिवस २६. म्हणजे रोजचे ६०० रुपये आणि तासाचे ७५. आता हाच माणूस महिनाभर रोज बारा तास राबला, तर महिनाअखेर त्याच्या हातात किती पडायला हवेत?

चटकन सुचणारं उत्तर असतं दीडपट. आठाचे बारा झाले, म्हणजे २३,४००. पण ते चूक आहे. वरचे चार तास कायद्याने दुप्पट दराचे, म्हणजे तासाला १५० रुपयांचे. चार तासांचे झाले ६००, म्हणजे मूळ रोजाइतकेच. दिवसाचे १,२०० आणि महिन्याचे ३१,२००. बारा तासांची ड्युटी म्हणजे थेट दुप्पट पगार. हे एवढं साधं गणित कल्याणपासून अंबरनाथपर्यंतच्या किती पगारपावत्यांवर दिसतं, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या पावतीला विचारावा. पावती मिळतच नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

हेच गणित उलट्या बाजूने केलं, की आणखी काही दिसतं. 'बारा तास ड्युटी, पगार अठरा हजार' अशी जाहिरात एखाद्या गेटवर किंवा विजेच्या खांबावर चिकटवलेली असते. बारा तासांत कायद्याच्या हिशेबाने सोळा तासांचे पैसे असतात: आठ साधे आणि चार दुप्पट. अठरा हजारांना आधी २६ ने आणि मग १६ ने भागलं, तर तासाचा दर निघतो ४३ रुपये २७ पैसे. म्हणजे आठ तासांची ही नोकरी नऊ हजारांची आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक धंद्यांत मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून होणारं किमान वेतन आज याच्या वर आहे. अठरा हजारांचा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण त्याच्या पोटात किमान वेतनाचाही भंग दडलेला असतो. जाहिरातीतला पगार बारा तासांचा असेल, तर तो अर्धा करून वाचावा.

कल्याण सोडलं की मध्य रेल्वेला फाटा फुटतो. एक मार्ग कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. कर्जतच्या बाजूचं पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी. इथे उतरणारा आणि इथून चढणारा माणूस कोणत्या कायद्याखाली येतो, हे सांगणं वाटतं तितकं सोपं नाही. अंबरनाथच्या किंवा डोंबिवलीच्या एमआयडीसीत जाणारा कारखान्याचा कामगार. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात किंवा कपड्याच्या दुकानात उभा राहणारा दुकानाचा कामगार. विठ्ठलवाडीच्या एसटी आगारातल्या चालक-वाहकांसाठी १९६१ पासून मोटार परिवहन कामगारांचा निराळा कायदा होता. इमारतीच्या गेटवरच्या रखवालदाराला १९८१ चा सुरक्षा रक्षकांचा कायदा आहे, आणि त्याखाली बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्यासाठी वेगळं मंडळ आहे. मग उल्हासनगरच्या गल्ल्यांतल्या गाळ्यांत जीन्स शिवणारे कारागीर उरतात. त्यांच्याकडे पुढे येतोच. इतके कायदे असले, तरी जादा तासाचा मोबदला दुप्पट, यावर जवळपास सगळ्यांचं एकमत आहे.

हे 'दुप्पट' आलं कुठून? १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम आणि पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. त्यात जादा तासाच्या दराचा उल्लेखही नाही, आणि ते साहजिकच आहे. दिवसालाच हद्द नव्हती, तर हद्दीबाहेरच्या तासाचा भाव कोण विचारणार? रविवारची सुट्टी मिळाली १८९० मध्ये. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचं नैसर्गिक बंधनही गेलं.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तिथे गेले होते. दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास, आणि जादा कामाला किमान सव्वापट दर असा पहिला करार तिथे झाला. हिंदुस्थानला मात्र त्यात सवलत मिळाली, आठवड्याला ६० तासांची. १९२२ च्या कारखाना कायद्याने दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास ठरवले. १९३४ मध्ये ते बारमाही कारखान्यांसाठी १० आणि ५४ झाले. दर सव्वापट-दीडपटीच्या घरात रेंगाळत राहिला. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कारखाना कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, आणि १९४६ मध्ये आठवड्याचे तास ४८ वर आले, जादा कामाचा दर दुप्पट झाला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ५९ व्या कलमात तोच दर बसला. अमेरिकेत १९३८ पासून आजतागायत दीडपट चालतो. कागदावर तरी आपण त्यांच्या पुढे आहोत.

दुप्पट दर म्हणजे जास्त कष्टाचं बक्षीस, असा एक समज आहे. मला तो अर्धवट वाटतो. ते मालकाच्या हाताला घातलेलं कुलूप आहे. नवा माणूस कामावर घ्यायचा, तर पगाराशिवाय भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के, राज्य विम्याचे सव्वातीन टक्के, किमान ८.३३ टक्के बोनस, वर्षाला पंधरा दिवसांची ग्रॅच्युइटी आणि भरपगारी रजा, असा सगळा खर्च तीस टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे नव्या माणसाचा तास मालकाला साधारण सव्वा ते दीडपटीच्या मध्ये कुठेतरी पडतो. जुन्याच माणसाला थांबवलं तर दुप्पट. काम कायमचं वाढलं असेल, तर शहाणा मालक दुसरा माणूस घेईल आणि ऑर्डर अचानक आली तरच जुन्याला थांबवेल. कायद्याला नेमकं हेच हवं आहे. पण जादा तास 'सिंगल रेट'ने काढून घेता आले, की हा सगळा हिशेब उलटतो. मग थांबवलेला माणूस नव्या माणसापेक्षा स्वस्त पडतो, आणि आठ तासांच्या तीन पाळ्यांच्या जागी बारा तासांच्या दोन पाळ्या उभ्या राहतात. तीन जणांचं काम दोघांत उरकतं. तिसऱ्याची नोकरी कुणी काढून घेतलेली नसते. ती निर्माणच झालेली नसते.

इथे कामगाराची बाजूही सरळ सांगायला हवी. ओव्हरटाइम अनेकांना हवाच असतो. गावी पैसे पाठवायचे असतात, खोलीचा हप्ता असतो, मुलाच्या क्लासची फी असते. शिवाय तीन पाळ्यांतली दुसरी पाळी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते, तेव्हा कंपनीच्या गेटवर ना रिक्षा ना बस. आठ ते आठची ड्युटी लोकलच्या वेळांशी बरी जुळते. त्यामुळे बारा तासांना कामगारांचा विरोध दिसत नाही, असं मालक सांगतात तेव्हा ते अगदीच खोटं नसतं. विरोध असायला हवा तो एकपट दराला.

तास मोजायचे कसे, ही दुसरी गाठ. जुन्या कारखाने अधिनियमात दोन हद्दी होत्या: दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८. यातली कोणतीही एक ओलांडली की दुप्पट सुरू. नऊ हा आकडा वाचून पुष्कळ लोक फसतात. रोज नऊ तासांप्रमाणे सहा दिवस काम केलं, तर दिवसाची हद्द एकदाही मोडली जात नाही, पण आठवड्याचे ५४ तास होतात. त्यातले सहा तास दुप्पट दराचे. आता दुसरा आठवडा घ्या. सोमवारी ट्रक भरायचा होता म्हणून ११ तास, मंगळ ते शुक्र आठ-आठ आणि शनिवारी पाचच. एकूण बरोबर ४८. सुपरवायझर म्हणेल, आठवडा तर भरलाच नाही, ओव्हरटाइम कसला? पण सोमवारचे नवाच्या वरचे दोन तास दुप्पट दराचे आहेतच. शनिवारी लवकर सोडल्याने सोमवारचं देणं फिटत नाही. एकच तास दोन्हीकडे मोजून दोनदा मागता येत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवायचं. २०२५ मध्ये या अधिनियमाची जागा घेणाऱ्या केंद्राच्या नव्या कामगार संहितेने हे आणखी स्पष्ट केलं आहे: दिवसाचा हिशेब आणि आठवड्याचा हिशेब यांपैकी कामगाराला जो फायद्याचा, तो धरायचा.

रात्रपाळीचंही असंच. रात्री दहाला सुरू होऊन सकाळी दहापर्यंत चाललेली ड्युटी हजेरीवहीत दोन तारखांना वाटून दाखवली, तर दोन तास आज आणि दहा तास उद्या असा देखावा होतो. जुन्या कायद्याच्या ५७ व्या कलमाने ही वाट बंद केली होती. मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसातच धरायचे. त्या कामगाराचा नवा दिवस पाळी सुटली तेव्हा सुरू होतो.

सलग पाच तास काम झालं की अर्धा तास विश्रांती द्यावी लागते, आणि ही विश्रांती कामाच्या तासांत धरत नाहीत. म्हणून आठ ते आठच्या ड्युटीत तासाभराची जेवणाची सुट्टी खरोखर मिळत असेल, तर काम अकरा तासांचं होतं आणि ओव्हरटाइम तीन तासांचा. मशीन बंद करून माणूस खरोखर मोकळा झाला, तर ती सुट्टी. एका हातात भाकरी आणि नजर गेटवर, याला सुट्टी म्हणायला माझं मन तरी तयार नाही.

दर काढतानाही हात मारला जातो. १५,६०० ला २६ ऐवजी ३० ने भागलं की रोज ५२० चा होतो, तास ६५ चा, आणि दुप्पट दर १५० ऐवजी १३० वर येतो. तासामागे वीस रुपये गेलेले कुणाच्या लक्षात येत नाहीत. राज्याच्या किमान वेतनाच्या अधिसूचना महिन्याचा दर २६ ने भागूनच रोजाचा दर काढतात, तेव्हा तोच भाजक धरायचा आग्रह करावा. दुप्पट कशाची करायची, हा वाद मात्र खरोखर अवघड आहे. जुना कायदा मूळ वेतनात लागू भत्ते मिळवायला सांगत होता, बोनस आणि खुद्द ओव्हरटाइम वगळून. घरभाडे भत्ता त्यात धरायचा की नाही, यावर वर्षानुवर्षे कज्जे चालले. नव्या वेतन संहितेच्या व्याख्येत घरभाडे, प्रवासभत्ता वगैरे वेतनातून वगळले आहेत, पण वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरची रक्कम वेतनातच मोजायची. समजा एकूण १८,००० पैकी मूळ वेतन फक्त ६,००० दाखवलं आणि बाकी १२,००० वगळलेल्या भत्त्यांत टाकले. निम्मे म्हणजे ९,०००. त्याच्या वरचे ३,००० वेतनात परत येतात आणि ओव्हरटाइमचा पाया ९,००० होतो. मूळ वेतन अगदी तुटपुंजं ठेवण्याची युक्ती यामुळे बोथट झाली, हे खरं. पण सगळे भत्ते धरून दुप्पट घेणाऱ्या कामगाराचं यात नुकसानही होऊ शकतं. नव्या कायद्याची स्तुती करणारे ही बाजू सहसा सांगत नाहीत.

आता गाळ्यांकडे वळू. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिथे उल्हासनगर वसलं. बराकींच्या आसपास हातावरचे धंदे उभे राहिले आणि त्यांतून लहान कारखानदारीचं गाव झालं. जीन्स हा त्यातला मोठा धंदा. कटिंग एका ठिकाणी, शिलाई दुसरीकडे, काज-बटण आणखी कुठे, धुलाई वेगळीच. कारागीर बहुधा पीस रेटवर. इथे ओव्हरटाइमचा विषय काढला, तर ठरलेलं उत्तर मिळतं: जितके नग तितके पैसे, यात ओव्हरटाइम कुठून आला?

कायद्याने याचं उत्तर केव्हाच लिहून ठेवलं होतं, आणि माझ्या मते ५९ व्या कलमातला सर्वांत कमी वाचलेला भाग तोच. नगावर काम करणाऱ्याचाही तासाचा दर असतो. तो फक्त काढावा लागतो. कारागिराने मागच्या महिन्यात त्याच कामावर, जितके दिवस प्रत्यक्ष काम केलं तितक्या दिवसांत, पूर्णवेळ कामाची सरासरी रोज किती कमाई केली, तो त्याचा रोज. समजा मागच्या महिन्यात २६ दिवसांत, रोज आठ तास शिवून त्याने १८,२०० कमावले. रोज पडला ७०० रुपये, तास साडेसत्याऐंशीचा. या महिन्यात सणाची ऑर्डर आली आणि तो रोज अकरा तास बसला, तर वरच्या तीन तासांना प्रत्येकी १७५ रुपये, म्हणजे दिवसाला ५२५. त्या तीन तासांतल्या नगांचे साधे पैसे देऊन भागत नाही.

यात एक मेख आहे. मागच्या महिन्यातही तो अकरा तासच बसला असेल, तर ती सगळी कमाई आठ तासांची म्हणून चालत नाही. ओव्हरटाइमचा भाग आधी बाजूला काढावा लागतो. त्यासाठी नगांबरोबर तासांचीही नोंद हवी. गाळ्यात नगांची वही अगदी चोख असते, तासांची नसते. तास लिहिले तर देणं दिसेल, म्हणून ते लिहायचे नाहीत. पीस रेटचा हा खरा फायदा आहे, आणि तो कारागिराच्या पदरात पडत नाही.

दुसरी अडचण माणसांच्या संख्येची. महाराष्ट्राने २०१५ मध्ये कारखाना म्हणवून घेण्याची हद्द वाढवली: वीज वापरत असाल तर २० कामगार, नसाल तर ४०. नव्या संहितेतही हेच आकडे आहेत. आठ मशीन आणि दहा माणसांचा गाळा कारखाना ठरत नाही. तीन शेजारच्या गाळ्यांचा मालक एकच, पण पाट्या तीन असतील, तर तीसजणांचं युनिटही कागदावर कारखाना दिसत नाही. २०१७ चा राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा दहा कामगारांपासून लागू झाला होता. २०२५ च्या बदलांत ती हद्दही वीसवर गेली. मग अशा ठिकाणच्या माणसाला काहीच आधार नाही का? आहे, आणि तो वेतन संहितेत आहे. तिच्या १४ व्या कलमाला माणसांच्या संख्येची अट नाही. किमान वेतन ठरलेल्या कुणीही नेहमीच्या दिवसापेक्षा जास्त काम केलं, तर प्रत्येक जादा तासाला, तासाच्या तुकड्यालाही, दुप्पटीपेक्षा कमी नाही इतका दर. गाळ्यात काम करणाऱ्याने दुसरं काही नाही तरी हे एक कलम पाठ करून ठेवावं.

२०२५ साली या विषयात दोनदा उलथापालथ झाली. ३ सप्टेंबरला राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाची कमाल मर्यादा नऊवरून बारा तासांवर न्यायला मान्यता दिली. तिमाहीतला ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४ वर. दुकानांसाठी दिवस नऊवरून दहा तासांचा आणि ओव्हरटाइम १२५ वरून १४४ तासांचा. कामगाराची लेखी संमती हवी, अशी अट घातली. ही बातमी अनेक ठिकाणी 'आता बारा तासांची ड्युटी कायदेशीर' अशी वाचली गेली. मर्यादा वाढली म्हणजे मोबदला बदलला असं होत नाही. आणि ती मर्यादा तरी रोजच्या बारा तासांना कुठे पुरते? रोज चार तास जादा, महिन्याला २६ दिवस, तर महिन्याचे १०४ तास आणि तिमाहीचे ३१२. परवानगी १४४ ची, म्हणजे निम्मीसुद्धा नाही. वर्षभर रोज बारा तास राबवणारा मालक दुप्पट दर इमाने देत असला, तरी कायदा मोडतोच.

मग २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. कारखाने अधिनियम, किमान वेतन कायदा, वेतन प्रदान कायदा, मोटार परिवहन कामगारांचा कायदा हे सगळे त्यांत विलीन झाले. सुरक्षा व कामाच्या परिस्थितीच्या संहितेत दिवस आठ तासांचा आहे, आणि ओव्हरटाइम कामगाराच्या संमतीनेच. नवे नियम येईपर्यंत जुने नियम, विसंगत नसतील तिथवर, चालू राहतात. त्यामुळे कचेरीत आणि कोर्टात काही काळ कलमांची सरमिसळ ऐकू येणार. संमतीच्या अटीवर माझा फारसा भरवसा नाही. कामावर घेतानाच दहा कागदांवर सह्या घेतात, त्यांत अकरावा कागद सहज सरकवता येतो.

दर मात्र सरकारलाही सहज मोडता आलेला नाही. करोनाच्या काळात गुजरात सरकारने कारखान्यांना बारा तासांची मुभा दिली आणि जादा तासांना दुप्पट नाही, साधाच दर पुरे असं ठरवलं. गुजरात मजदूर सभेच्या याचिकेवर १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचना रद्द केल्या. साथ म्हणजे कायद्याला अभिप्रेत असलेली सार्वजनिक आणीबाणी नव्हे, असं न्यायालय म्हणालं, आणि त्या काळातल्या कामगारांना ओव्हरटाइम द्यायला लावला.

सगळेच मात्र या छत्राखाली येत नाहीत. नोटा आणि नाणी काढणाऱ्या सरकारी महामंडळातल्या पर्यवेक्षकांना दुप्पट भत्ता मिळणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवलं; सरकारी सेवेच्या नियमांत तो बसत नाही म्हणून. आपल्या महाविद्यालयांत तर अक्षरशः तासावर पगार घेणारी माणसं आहेत, घड्याळी तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. पण शिक्षक औद्योगिक विवाद कायद्यातला कामगार नव्हे, हे गोव्याच्या एका खटल्यात १९८८ मध्येच ठरून गेलं. उत्तरपत्रिका तपासायला लागणारे तास कुठल्याच वहीत येत नाहीत.

पैसे बुडवायच्या वाटा ओळखीच्या असल्या की ओळखता येतात. पहिले आठ तास एका ठेकेदाराच्या नावावर, पुढचे चार दुसऱ्याच्या. माणूस तोच, मशीन तेच, हजेरीपट दोन. एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करवून घ्यायला जुन्या कायद्याने बंदी घातली होती, नव्यानेही घातली आहे. कुठे कच्ची वही आणि पक्की वही. कुठे ओव्हरटाइमच्या बदल्यात सुट्टी. पण बदली सुट्टी असते ती बुडालेल्या साप्ताहिक सुट्टीची, जादा तासांचे पैसेच द्यावे लागतात. कुठे ओव्हरटाइमची रक्कम 'उत्पादन भत्ता' म्हणून रोखीत. यातलं काही कामगारालाही सोयीचं वाटतं, कारण ओव्हरटाइमवर भविष्य निर्वाह निधी कापत नाहीत. पण तो निधीत धरला जात नाही, बोनसमध्ये नाही आणि ग्रॅच्युइटीतही नाही. मूळ पगार कमी आणि ओव्हरटाइम भरपूर, अशा नोकरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हाती शेवटी येणारी रक्कम त्याच्या रोजच्या कमाईच्या मानाने फारच लहान असते.

थकलेलं मागायचं कसं? आधी किमान वेतनाच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती, वेतन प्रदान कायद्याखाली बारा महिन्यांची. वेतन संहितेने ती तीन वर्षं केली. हा बदल मोठा आहे, कारण नोकरीत असताना मालकाविरुद्ध अर्ज करायला कुणी धजत नाही. नोकरी सुटली की धीर येतो, पण तोवर पूर्वी मुदत टळलेली असायची. दाव्याच्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार निर्णय करणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. आणि वेतन दिलं हे सिद्ध करायचं ओझं मालकावर आहे.

तरी आपण काम केलं, एवढं दाखवता यायला हवं. रोजची येण्या-जाण्याची वेळ स्वतःच्या हाताने, त्याच दिवशी, एका वहीत लिहिलेली असावी. महिनाअखेर बसून आठवून लिहिलेल्या वहीला किंमत कमी. गेटपासचे, पंचिंग मशीनचे फोटो, सुपरवायझरने रात्री 'आज थांबायचं आहे' म्हणून पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅप, बँकेत आलेल्या पगाराच्या नोंदी, लोकलचा पास, हे सगळं जपून ठेवावं. सोबत काम केलेल्या एकाची साक्ष मिळाली तर उत्तम.

रक्कम किती होते पाहा. सुरुवातीचाच कामगार, तासाला ७५ वाला. तो रोज दोनच तास जादा थांबत होता आणि त्याला एकपट दर मिळत होता असं धरू. रोजचे दीडशे रुपये बुडाले, महिन्याचे ३,९००. तीन वर्षांचे १,४०,४००. हा दावा त्याने एकट्यानेच दाखल करावा असं नाही. त्याच्या वतीने नोंदणीकृत कामगार संघटना अर्ज करू शकते, सरकारी निरीक्षकही करू शकतो. नोकरीत टिकून राहायचं असेल, तर संघटनेच्या नावाने जाणं बरं.